न घातलेल्या दुधाचा हिशेब: एका टेबलात आहे, दुसऱ्यात नाही

डेटाबेसला ‘काय आहे’ हे विचारणं सोपं असतं. आज किती लिटर दूध आलं, सगळ्यात जास्त कुणी घातलं, फॅट कुणाची चांगली लागली, या सगळ्याच्या नोंदी टेबलात पडलेल्या असतात आणि आपण फक्त त्या चाळायच्या असतात. ‘काय नाही’ हे विचारायची वेळ आली की गाडी अडते. ज्या सभासदाने दूध घातलंच नाही, त्याची संकलनाच्या टेबलात ओळच नसते. नसलेली ओळ शोधायची कुठे?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावची दूध संस्था डोळ्यांसमोर आणा. तिच्या कॉम्प्युटरवर दोन टेबलं आहेत. एकात सभासदांची यादी, दुसऱ्यात रोजचं संकलन. सचिवांना हवी आहे ती न आलेल्यांची यादी: कुणाची म्हैस आटली, कोण गुपचूप दुसऱ्या डेअरीला वळलं, कुणाचं नाव नुसतंच वहीत राहिलंय.

टेबल ‘सभासद’, कॉलम: क्र, नाव
१०१, शांताबाई
१०२, बाळासाहेब
१०३, सुमन
१०४, तानाजी
१०५, यशोदा

टेबल ‘संकलन’, कॉलम: पावती_क्र, तारीख, पाळी, सभासद_क्र, लिटर
५०, २० मे, सकाळ, १०५, ३.५
५१, १ जून, सकाळ, १०१, ६.५
५२, १ जून, सकाळ, १०३, ४
५३, १ जून, सकाळ, (रिकामं), २
५४, १ जून, संध्याकाळ, १०१, ५

पावती ५३ कडे लक्ष असू द्या. कुणीतरी सभासद नसलेला माणूस दोन लिटर दूध घालून गेला. त्याला सभासद क्रमांक नाही, म्हणून ती जागा रिकामी राहिली. अशा ओळी प्रत्येक संस्थेच्या डेटात असतात आणि त्यात कुणाची चूक नसते. पुढचा सगळा घोळ मात्र या एका ओळीमुळे होणार आहे.

पुढच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल या त्याच्या भाषेत विचारलेले प्रश्न, मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना सिलेक्ट, फ्रॉम वगैरे शब्द रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांत लागतात. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये देवनागरीत खुशाल देता येतात. फारसं कुणी देत नाही, एवढंच.

प्रश्न साधा आहे: आजवर एकदाही दूध न घातलेले सभासद कोण? टेबलं पाहून आपण सांगू की १०२ आणि १०४, म्हणजे बाळासाहेब आणि तानाजी. बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा उतरते ती क्वेरी अशी:

सिलेक्ट क्र, नाव
फ्रॉम सभासद
व्हेअर क्र नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम संकलन);

वाचायला अगदी सरळ आहे: ज्यांचा क्रमांक संकलनातल्या क्रमांकांत नाही, ते सभासद दे. चालवली की उत्तर येतं शून्य ओळी.

एरर नाही, इशारा नाही, काही नाही. आणि ‘न आलेले सभासद: शून्य’ ही बातमी तर कानाला गोडच लागते. सचिव खूश, चेअरमन खूश. नसलेल्या गोष्टी शोधणाऱ्या क्वेरीत मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच. एरर आली तर माणूस दुरुस्ती करायला बसतो. शून्य ओळी आल्या तर तो चहाला जातो.

हे होतं कशामुळे? डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. (ओरॅकल हा डेटाबेस इथे वेगळा वागतो, तो कोऱ्या मजकुरालाही नलच समजतो.) नल म्हणजे ‘माहीत नाही’. बंद पाकिटात एक क्रमांक आहे असं समजा. आतला क्रमांक १०२ आहे का? माहीत नाही. मग १०२ नाही का? तेही माहीत नाही. पाकीट उघडल्याशिवाय दोन्ही प्रश्नांना हेच उत्तर मिळणार.

म्हणून एसक्यूएलमध्ये अटीला दोन नव्हे, तीन उत्तरं असतात: खरं, खोटं आणि अज्ञात. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं, आणि १९७९ च्या निबंधात नलसाठी हे तीन उत्तरांचं तर्कशास्त्र सविस्तर मांडलं. कॉड यांच्यासोबत काम केलेले ख्रिस डेट नलच्या कायम विरोधात राहिले. वाद अजून मिटलेला नाही, पण आपल्या हातातले सगळे डेटाबेस नलसकटच चालतात.

आता बाळासाहेबांचा १०२ घ्या. ‘नॉट इन’ आतून उलगडतो तो असा: १०२ हा १०५ पेक्षा वेगळा आहे, आणि १०१ पेक्षा वेगळा आहे, आणि १०३ पेक्षा वेगळा आहे, आणि नलपेक्षा वेगळा आहे. पहिल्या तिन्ही अटी खऱ्या, शेवटची अज्ञात. ‘आणि’ने जोडलेल्या अटींत एक जरी अज्ञात निघाली आणि खोटी कुठलीच नसली, तर सगळ्याचं उत्तर अज्ञात. व्हेअर फक्त ‘खरं’ आलेली ओळ पुढे सोडतो. खोटी अडवतो आणि अज्ञातही अडवतो. बाळासाहेब बाहेर, तानाजीही बाहेर. शांताबाईंचा १०१ तर यादीत सापडतोच, म्हणून त्या ‘खोटं’ येऊन बाहेर. संकलनाच्या लाख ओळींत एक नल असला तरी ही क्वेरी कधीच, कुणासाठीच, एकही ओळ देणार नाही.

गंमत म्हणजे उलटा प्रश्न, म्हणजे नुसता ‘इन’, याच डेटावर बिनचूक चालतो. तिथे अटी ‘किंवा’ने जोडलेल्या असतात आणि ‘किंवा’ला एक ‘खरं’ पुरतं. दूध घातलेले सभासद विचारा, १०१, १०३ आणि १०५ व्यवस्थित येतात. म्हणून माणूस गाफील राहतो. कालपर्यंत ‘इन’ चालत होता, आज त्याच्यापुढे ‘नॉट’ लावला, बिघडणार काय?

यावर एक मलमपट्टी आहे: आतल्या क्वेरीत ‘व्हेअर सभासद_क्र इज नॉट नल’ घालायचं. काम होतं. कॉलम तयार करतानाच त्यावर नॉट नल असं बंधन घातलेलं असेल, तर ‘नॉट इन’ मुळातच बरोबर उत्तर देतो. पण ते बंधन उद्या कुणी काढलं तर आपली क्वेरी मुकाट्याने मरते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पोस्टग्रेसच्या विकीवर ‘हे करू नका’ अशा सल्ल्यांचं एक पान आहे, त्यात ‘नॉट इन’चा समावेश आहे. मला ते पटतं. पाच-सात ठरलेली मूल्यं हाताने लिहायची असतील तिथे ‘नॉट इन’ ठीक, पण आत दुसरी क्वेरी बसवायची असेल तर नको.

मग काय वापरायचं? नॉट एक्झिस्ट्स.

सिलेक्ट स.क्र, स.नाव
फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १
    फ्रॉम संकलन क
    व्हेअर क.सभासद_क्र = स.क्र
);

(स आणि क ही सभासद आणि संकलन या टेबलांची टोपणनावं.) इथे प्रश्नच बदलला आहे. क्रमांकांची यादी काढून तिच्याशी तुलना करायची भानगड नाही. एकेका सभासदाजवळ उभं राहून विचारायचं: याच्या नावाची एक तरी ओळ संकलनात सापडते का? सापडली तर सोडून दे, नाही सापडली तर नाव घे. पावती ५३ ची नल जागा १०२ शी जुळते का? अज्ञात. म्हणजे ती ओळ सापडलेल्यांत धरली जात नाही, विषय संपला. आणि एक्झिस्ट्सला स्वतःला दोनच उत्तरं माहीत असतात, सापडलं किंवा नाही सापडलं. तिसऱ्या उत्तराला तिथे शिरकावच नाही. बाळासाहेब आणि तानाजी बरोबर बाहेर येतात.

‘सिलेक्ट १’ पाहून नवे लोक बिचकतात. त्या १ ला काही अर्थ नाही. तिथे चांदणी (*) लिहा, नल लिहा, काही फरक पडत नाही, कारण ओळ आहे की नाही एवढंच बघायचं असतं, ओळीत काय आहे ते नाही.

तिसरी पद्धत लेफ्ट जॉइनची. जुन्या कोडमध्ये ही फार दिसते.

सिलेक्ट स.क्र, स.नाव
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन संकलन क ऑन क.सभासद_क्र = स.क्र
व्हेअर क.सभासद_क्र इज नल;

जॉइन म्हणजे दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळी शेजारी-शेजारी जोडणं. लेफ्ट जॉइन डावीकडच्या टेबलातली एकही ओळ गाळत नाही. शांताबाईंच्या दोन पावत्या आहेत, म्हणून त्या दोनदा येतात. सुमन आणि यशोदा एकेकदा. बाळासाहेब आणि तानाजी यांना उजवीकडे जोडीदार नाही, म्हणून त्यांच्यासमोर सगळ्या जागा नल भरून येतात. मग व्हेअर फक्त त्या नलवाल्या ओळी ठेवतो. म्हणजे जो नल मघाशी घात करत होता, तोच इथे कामाला लावला आहे.

पद्धत बरोबर आहे, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला: ‘इज नल’ कुठल्या कॉलमवर तपासायचं? ज्यावर जॉइन केला तोच कॉलम घ्या, नाहीतर प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख असलेला कॉलम (इथे पावती_क्र), घ्या. समजा टेबलात फॅटचाही कॉलम आहे आणि तुम्ही ‘क.फॅट इज नल’ लिहिलंत. ज्या दिवशी फॅट मोजायचं मशीन बंद होतं, त्या दिवशी दूध घातलेल्यांची फॅट रिकामी असणार, आणि ती बिचारी माणसं न आलेल्यांच्या यादीत जाऊन बसणार.

दुसरा खड्डा खोल आहे. सचिवांना खरं तर ‘आजवर’ नको असतं, त्यांना चालू बिलाच्या काळातलं हवं असतं. जून महिन्यात न आलेले कोण? आपल्या डेटात १०२, १०४ आणि शिवाय १०५, कारण यशोदाचं दूध मे महिन्यातलं आहे. घाईत माणूस तारखेची अट शेवटी चिकटवतो:

व्हेअर क.सभासद_क्र इज नल
अँड क.तारीख >= '२०२५-०६-०१';

पुन्हा शून्य ओळी. उजवी बाजू रिकामी असलेल्या ओळी मागायच्या आणि त्याच रिकाम्या बाजूला तारीख असावी असा आग्रहही धरायचा, हे एकाच ओळीला कधी जमणार? तारखेची अट ‘ऑन’मध्ये गेली पाहिजे, म्हणजे जोडी जुळवतानाच फक्त जूनच्या पावत्या विचारात घेतल्या जातील:

लेफ्ट जॉइन संकलन क
  ऑन क.सभासद_क्र = स.क्र
  अँड क.तारीख >= '२०२५-०६-०१'
व्हेअर क.सभासद_क्र इज नल;

आता यशोदाची मे महिन्यातली पावती जुळत नाही, तिच्यासमोर नल येतं आणि ती यादीत येते. नॉट एक्झिस्ट्समध्ये हा गोंधळ होणं अवघड आहे, कारण तिथे तारखेची अट कंसाच्या आतच लिहावीशी वाटते आणि तीच तिची जागा असते. दोन्हींपैकी एक शिकायची असेल तर मी नॉट एक्झिस्ट्स शिका म्हणेन, त्याचं कारण हे.

वेगाचं काय? पोस्टग्रेस नॉट एक्झिस्ट्स आणि लेफ्ट जॉइनची ही मांडणी, दोन्ही ओळखून सहसा एकाच रस्त्याने नेतो. डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा लावून पाहिलंत तर प्लॅनमध्ये अँटी जॉइन (जोडीदार नसलेल्याच ओळी ठेवणारी जोडणी) असं लिहिलेलं दिसतं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.०.१७ पासून आली. एसक्यूएल सर्व्हर लेफ्ट जॉइनवाल्या मांडणीत बऱ्याचदा आधी सगळं जोडून घेतो आणि मग गाळतो, म्हणून तिथे नॉट एक्झिस्ट्स उजवा पडतो. पण खरा फरक पडतो इंडेक्सने, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीने. संकलनाच्या टेबलावर सभासद_क्र आणि तारीख असा जोड-इंडेक्स असेल तर लाखो पावत्यांतही उत्तर पटकन येतं.

चौथी पद्धत एक्सेप्ट, ओरॅकलवाल्यांच्या तोंडी मायनस. एका यादीतून दुसरी यादी वजा करायची:

सिलेक्ट क्र फ्रॉम सभासद
एक्सेप्ट
सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम संकलन;

नलने ही क्वेरी बिघडत नाही. दोन्ही याद्यांत सारखेच कॉलम असावे लागतात, म्हणून नाव हवं असेल तर पुन्हा जॉइन आला. दोन बॅकअपांची तुलना करायला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही, फक्त दोन्ही दिशांनी वजाबाकी करून बघा. मायएसक्यूएलमध्ये ती ८.०.३१ पासूनच आहे.

आता एक असा सापळा, जो नलपेक्षाही भयंकर आहे. ही ओळ नीट वाचा:

डिलीट फ्रॉम सभासद
व्हेअर क्र इन (सिलेक्ट क्र फ्रॉम संकलन);

संकलनात ‘क्र’ नावाचा कॉलम नाहीच, तिथे ‘सभासद_क्र’ आहे. मग एरर यायला हवी ना? येत नाही. आतल्या टेबलात कॉलम सापडला नाही की डेटाबेस बाहेरच्या टेबलात बघतो, आणि सभासदमध्ये ‘क्र’ आहे. म्हणजे अट झाली ‘क्र हा क्र मध्ये आहे का’. प्रत्येकासाठी खरं. संकलनात एक जरी ओळ असली तरी सगळे सभासद उडाले. नियमाप्रमाणे हे वागणं बरोबर आहे, डेटाबेसच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही. हीच चूक ‘नॉट इन’मध्ये केलीत तर पुन्हा आपली जुनी शून्य ओळींची गोड बातमी. आतल्या प्रत्येक कॉलमपुढे टेबलाचं टोपणनाव लावा. ‘क.क्र’ लिहिलं असतं तर लगेच एरर आली असती. आणि डिलीट करण्याआधी तीच अट सिलेक्टमध्ये टाकून किती ओळी येतात ते बघा.

शून्य ओळींवर विश्वास ठेवण्याआधी एक बेरीजही करून बघावी. एकूण सभासद पाच. दूध घातलेले वेगवेगळे सभासद तीन. मग न घातलेले दोन यायलाच हवेत. तीन अधिक शून्य पाच होत नाहीत, हे दहा सेकंदांत कळतं.

कधी याच्या उलट होतं: यादी भलतीच लांब येते, सगळेच गैरहजर दिसतात. तेव्हा बहुधा जुळवणीचा कॉलम बिघडलेला असतो. क्रमांक एकीकडे आकडा म्हणून १०२ आणि दुसरीकडे मजकूर म्हणून ००१०२ असा ठेवलेला. नावामागे एक अदृश्य स्पेस. देवनागरीत तर आणखी एक खास आपली भानगड आहे. साताऱ्यातलं कऱ्हाड घ्या. त्यातलं अर्धं ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’, पडद्यावर दोन्ही जवळपास एकसारखी. डेटाबेसच्या लेखी मात्र ही वेगवेगळ्या अक्षरांची माळ आहे, आणि थेट तुलनेत ती जुळतीलच याची खात्री नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणं) ते जोडचिन्ह काढत नाही, ते आपणच काढावं लागतं. गऱ्हाणी, गोऱ्हा, तऱ्हा असल्या सगळ्या शब्दांना हे लागू आहे. म्हणून गावाच्या किंवा माणसाच्या नावावर जुळवणी करायची नाही, क्रमांकावर करायची.

उलट्या दिशेचा प्रश्नही कामाचा असतो: अशा कुठल्या पावत्या आहेत, ज्यांचा सभासदच यादीत नाही? याला अनाथ नोंदी म्हणतात. सभासद काढून टाकला आणि त्याच्या पावत्या मागे राहिल्या, की त्या अनाथ होतात. क्वेरी तशीच, टेबलं फक्त अदलाबदल करून. पण इथे नॉट एक्झिस्ट्स पावती ५३ लाही उचलेल, कारण तिच्या नलशी जुळणारा सभासद असूच शकत नाही. सुटं दूध आणि अनाथ पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ‘सभासद_क्र इज नॉट नल’ ही अट बाहेर जोडायची. फॉरिन की, म्हणजे पावतीवरचा सभासद_क्र सभासदांच्या यादीत असलाच पाहिजे असं बंधन, लावलेली असेल तर अनाथ नोंदी मुळात तयारच होत नाहीत. फक्त एसक्यूएलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर तिथे फॉरिन कीची तपासणी सहसा बंद असते, ती प्रत्येक जोडणीला मुद्दाम चालू करावी लागते.

राहिला सगळ्यात कठीण प्रकार. सचिव विचारतात: १ ते १० जूनमध्ये कुणी कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीला दांडी मारली? आता दुसऱ्या टेबलाशी तुलना करून भागत नाही, कारण ‘बाळासाहेब, ४ जून, संध्याकाळ’ ही ओळ कुठल्याच टेबलात नाही. आधी जे जे असायला हवं होतं त्याची यादी बनवावी लागते आणि मग त्यातून असलेलं वजा करावं लागतं. त्यासाठी क्रॉस जॉइन, म्हणजे एका टेबलातल्या प्रत्येक ओळीशी दुसऱ्यातली प्रत्येक ओळ जोडणं:

सिलेक्ट स.क्र, स.नाव, द.दिवस, प.पाळी
फ्रॉम सभासद स
क्रॉस जॉइन दिवस_यादी द
क्रॉस जॉइन पाळ्या प
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १
    फ्रॉम संकलन क
    व्हेअर क.सभासद_क्र = स.क्र
      अँड क.तारीख = द.दिवस
      अँड क.पाळी = प.पाळी
);

दिवस_यादी म्हणजे दहा तारखांचं छोटं टेबल, आणि पाळ्या म्हणजे सकाळ-संध्याकाळ अशा दोन ओळींचं. पोस्टग्रेसमध्ये ते जनरेट सिरीज हे फंक्शन जागच्या जागी बनवून देतं. पाच सभासद, दहा दिवस, दोन पाळ्या, म्हणजे शंभर शक्यता. त्यातल्या तीन पावत्या जूनमध्ये सभासदांच्या नावावर आहेत, म्हणून उत्तर ९७ ओळी. एवढी लांब यादी कुणी वाचत नाही, म्हणून सभासदवार ग्रुप बाय करून दांड्या मोजाव्यात आणि ज्याच्या पाळ्या अचानक कोऱ्या पडू लागल्या त्याच्या दारात माणूस पाठवावा. सभासदाच्या टेबलात नोंदणीची तारीख असेल तर ‘द.दिवस >= स.नोंदणी_तारीख’ ही अटही कंसाबाहेर घाला, नाहीतर ८ जूनला सभासद झालेल्या माणसाच्या नावावर पहिल्या सात दिवसांच्या चौदा दांड्या लागतील.